मऊ की ताठ? : एका सस्पेन्शनचा इतिहास

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिनाला जे कौतुक लाभले, ते सस्पेन्शनच्या वाट्याला क्वचितच आले. वस्तुतः वळणावर गाडी रस्ता धरून राहील की नाही, हे स्प्रिंग आणि तिची उसळी आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर या जोडीवरच बव्हंशी अवलंबून असते. येथे एक मूलभूत अंतर्विरोध आहे. स्प्रिंग मऊ ठेवावी, तर खडबडीत रस्त्यावरही चाक जमीन सोडत नाही; मात्र वळणावर गाडी कलते. ताठ ठेवावी, तर गाडी कलत नाही. पण लहानशा उंचवट्यानेही चाक उचलले जाते. म्हणजे निवड कोणतीही केली, तरी ती तडजोडच.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ही तडजोड फॉर्म्युला वनमध्ये असह्य झाली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाने तळाखालून वाहणाऱ्या हवेच्या बळावर गाडी रस्त्याकडे खेचून धरणारी रचना सिद्ध केली आणि १९७८ चे जगज्जेतेपद मिळवले. ही ओढ टिकवायची, तर तळ आणि रस्ता यांतील अंतर जवळजवळ स्थिर राहणे आवश्यक होते. परिणामी स्प्रिंगा इतक्या ताठ झाल्या, की रस्त्याचा प्रत्येक धक्का चालकाच्या कण्याला सोसावा लागला.

यावर लोटसने शोधलेला उपाय म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन’. गाडीच्या हालचाली संवेदकांनी टिपायच्या, संगणकाने निर्णय करायचा आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्याने चाक वरखाली करायचे. चॅपमन डिसेंबर १९८२ मध्ये निवर्तले. १९८३ मध्ये ही गाडी शर्यतीत उतरली, तेव्हा सपाट तळाच्या नव्या नियमाने तिचे मूळ प्रयोजनच दुबळे केले होते.

तरीही १९८७ मध्ये आयर्टन सेन्नाने तिच्यावर मोनॅको आणि डेट्रॉइट या शहरी रस्त्यांवरील शर्यती जिंकल्या. डेट्रॉइटला तर टायर न बदलता. १९९२ मध्ये विल्यम्स संघाच्या अशाच गाडीवर नायजेल मॅन्सेलने हंगामातील पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या. तेव्हा प्रश्न उभा राहिला : हे कौशल्य चालकाचे की यंत्राचे? १९९४ पासून या यंत्रणेवर बंदी आली.

त्याच वर्षी सेन्ना विल्यम्समध्ये दाखल झाला आणि १ मे रोजी इमोला येथे अपघातात मृत्यू पावला. बंदी आणि मृत्यू यांत सरळ कार्यकारणभाव जोडणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. परंतु ती गाडी अस्थिर होती, अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन गेल्यानंतर तिच्या वायुगतिक रचनेत आपण चुकलो, हे तिचे रचनाकार एड्रियन न्यूई यांनी पुढे स्वतः मान्य केले आहे.

यंत्रातील एक सुधारणा काढून घेतली, म्हणजे आपण पूर्वस्थितीला परत जातो, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या सुधारणेभोवती बाकीचे सारे यंत्र घडलेले असते.