पाकिटावरचे घटक कसे वाचावेत? अॅलर्जी असलेल्या घरांसाठी माहिती

घरात कोणाला शेंगदाणा, दूध किंवा गव्हाची अॅलर्जी असेल, तर खरेदीत पहिली अडचण भाषेची येते. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असतो आणि सुट्या मालाची चौकशी बहुधा तेलुगूत होते. म्हणून सदस्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

नियम काय आहे?
भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, झिंगे-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांचा पाकिटावर वेगळा उल्लेख करावा लागतो. ‘कंटेन्स’ म्हणजे तो घटक त्यात आहे. ‘मे कंटेन’ म्हणजे त्याचा अंश मिसळलेला असू शकतो. अॅलर्जी असलेल्यांनी दोन्ही टाळावेत.

तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. त्यांची अॅलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचावी. नुसते ‘मसाले’ लिहिले असेल तर तो पदार्थ घेऊ नये.

ओळखायचे शब्द
• शेंगदाणा: पीनट, ग्राउंडनट, हिंदीत मूंगफली, तेलुगूत पल्लीलु
• तीळ: सेसमी, जिंजेली, तेलुगूत नुव्वुलु
• दूध: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, तेलुगूत पालु
• गहू: व्हीट, मैदा, सूजी, तेलुगूत गोधुमलु
• अंडे: एग, अल्ब्युमिन, तेलुगूत गुड्डु
• काजू: कॅश्यू, तेलुगूत जीडिपप्पु

कुठे फसगत होते?
• डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते.
• हिरवे चिन्ह शाकाहारी पदार्थाचे आहे. त्यात दूध, शेंगदाणा, गहू असू शकतो.
• १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या छोट्या पाकिटांवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. ती मोठ्या पाकिटावर पाहावी. न मिळाल्यास मुलांना ते देऊ नये.
• नेहमीच्या पदार्थाचेही घटक बदलतात. दर खरेदीला यादी पुन्हा वाचावी.

सण-समारंभात
तिळगूळ, साबुदाण्याची खिचडी, चिवडा, सुट्या मिठाया यांना लेबल नसते. करणाऱ्याला थेट विचारावे. मंडळाच्या जेवणात अशा मुलांचे ताट आधी, वेगळ्या पळीने वाढावे.

खाल्ल्यावर ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. डॉक्टरांनी अॅड्रेनालिनचे इंजेक्शन दिलेले असेल तर ते लगेच द्यावे आणि १०८ वर फोन करावा.

अॅलर्जीची खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. अंदाजाने मुलांचे दूध किंवा पोळी बंद करू नये.