शंभरपैकी किती?

मार्कांचं वेड आपल्याला नवं नाही. पण जेवणालाही शंभरपैकी मार्क देतात हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं, तेही वरचं ब्लडप्रेशर १५० निघाल्यावर. मी तसा काडीपैलवान. वजन नाही म्हणजे बीपी नाही, असं माझं साधं गणित. ते चुकलं, आणि मी (इंजिनिअर ना!) आकड्यांच्या मागे लागलो.

१९९५ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने 'हेल्दी ईटिंग इंडेक्स' काढला. धान्य, भाज्या, फळं, चरबी, मीठ वगैरे दहा विषय, प्रत्येकी १० गुण. ८० च्या वर गेलात की आहार चांगला. आता गंमत बघा. दिवसाला २४०० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर पैकीच्या पैकी, ४८०० झालं की भोपळा. पण बाकी नऊ विषय उत्तम असतील तर मिठात भोपळा घेऊनही ९०! म्हणजे लोणचं-पापडवाला गृहस्थ डिस्टिंक्शनमध्ये पास. मैद्याचा ब्रेड आणि अख्ख्या गव्हाचा ब्रेड यांतही तेव्हा फरक केलेला नव्हता.

वजनाचं काय? २००५ च्या आवृत्तीत बहुतेक गुण दर हजार कॅलरींमागे मोजायला लागले. ताटातलं प्रमाण तेच ठेवून दुप्पट जेवलात तरी मार्क तेच. हे मुद्दामच होतं, दर्जा वेगळा आणि मात्रा वेगळी. पोट मात्र दोन्ही मोजतं.

रक्तदाबाचा धागा आधीच, १९९७ साली, 'डॅश' प्रयोगात सापडला होता. ४५९ जणांना आठ आठवडे जेवण पुरवलं. मीठ सगळ्यांना सारखं, आणि वजन कोणाचंच बदलू द्यायचं नाही. तरी फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूधदुभतं खाणाऱ्यांचा वरचा आकडा नेहमीचं अमेरिकन जेवण जेवणाऱ्यांपेक्षा ५.५ ने जास्त उतरला. ज्यांचं बीपी मुळातच जास्त होतं, त्यांचा ११.४ ने. एक किलोही न घटवता! पुढे २००१ च्या प्रयोगात मीठ कमी केलं, तेव्हा दाब आणखी उतरला. २००८ मध्ये डॅशवरूनच एक आठ विषयांची गुणपत्रिका निघाली. तिच्यात मीठ आहेच, शिवाय डाळी, कडधान्यंही आहेत. तिथे आपण थोडे सावरतो.

असो. आईने पाठवलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी अजून तशीच आहे. फोनवर ती विचारते, मी "छान झालंय" म्हणतो.