मचाण : फांदीवरच्या बाजेचा इतिहास

१/ नागपूरहून कोराडी ओलांडून सावनेर-छिंदवाड्याकडे जाणारी वाट सातपुड्याच्या रानांकडे नेते. या मुलखात मचाणाचे धनी दोन : जागलीला बसणारा शेतकरी आणि वाघाची वाट पाहणारा शिकारी.

२/ शिकारी मचाणाची रचना साधी होती. दोरीने विणलेली हलकी बाज झाडाच्या बेचक्यात, सहसा १० ते १५ फुटांवर, दोरखंडाने आवळली जाई. पुढे पालवीचा आडोसा असे.

३/ येथे आराम ही चैन नव्हती. पाय अवघडला की माणूस हालतो, बाज करकरते आणि पाण्यावर येणारे जनावर माघारी फिरते. म्हणून बाजेवर जाड अंथरूण आणि प्रत्येक गाठ अंधारापूर्वी पुन्हा तपासलेली.

४/ मध्य प्रांतातील शिकारीवर जेम्स फोर्सिथ (१८७१) आणि डनबार ब्रँडर (१९२३) यांनी ग्रंथ लिहिले. मुखपृष्ठावर साहेबाचे नाव राहिले. मचाण बांधणाऱ्या गोंड-कोरकूंची नावे मात्र बहुतांशी हरवली.

५/ हाक्यात हा भेद जिवावर बेते. बंदूकवाला वर सुरक्षित, तर ढोल बडवणारे हाकारे पायी, वाघाच्याच रानात.

६/ १९७० ची बंदी आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांनी वाघाची कायदेशीर शिकार थांबली, मचाण टिकले. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावरील प्राणी मोजण्यासाठी विदर्भातील जंगलांत माणसे त्यावर बसू लागली. हातात बंदुकीऐवजी वही आली. निश्चल बसण्याची अट मात्र तीच राहिली.