क्षमा : कोणी, केव्हा आणि कशाची?

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज देवाकडे क्षमा मागतो आणि इतरांना क्षमा करीत असल्याचेही म्हणतो. तथापि, प्रत्यक्ष जीवनात कुणी आपला घोर अपराध केला की प्रश्न उभे राहतात. क्षमा केली म्हणजे शिक्षा माफ झाली काय? अपराध्याशी पूर्वीसारखेच वागावे काय? त्याने पश्चात्ताप केलाच नाही तर?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मनातील द्वेष व सूडाची इच्छा सोडून देणे ही क्षमा होय. तुटलेले नाते पुन्हा जुळणे हा समेट होय. कायद्याने दिलेला दंड कमी करणे ही शिक्षेची माफी होय. क्षमा दुखावलेल्या व्यक्तीच्या हाती असते, समेटासाठी दोन्ही बाजू लागतात आणि शिक्षेची माफी हा शासनाचा अधिकार आहे.

चूक आणि अपराध

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार एखादे कृत्य प्राणघातक पाप ठरण्यासाठी तीन बाबी आवश्यक असतात : विषय गंभीर असणे, कृत्याच्या वाईटपणाची पूर्ण जाणीव असणे आणि ते स्वेच्छेने केलेले असणे. अजाणता घडलेली चूक आणि जाणूनबुजून केलेला अन्याय यांना एकाच मापाने मोजता येत नाही. मात्र निष्काळजीपणाला अज्ञानाचे पांघरूण घालता येत नाही. चिठ्ठी न वाचता चुकीचे औषध देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही झालेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

अपराध्याचे कर्तव्य

समेटाच्या संस्कारात पापी व्यक्तीकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात : अंतःकरणपूर्वक पश्चात्ताप, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची निंदा केली त्याचे नाव पुन्हा उजळ करणे, इजा झालेल्याला भरपाई देणे ही कर्तव्ये पापक्षमा मिळाली म्हणून संपत नाहीत. भावाच्या वाट्याची जमीन खोटेपणाने सातबाऱ्यावर आपल्या नावे चढविणाऱ्याने पापनिवेदन केले, तरी ती जमीन परत करण्याची जबाबदारी उरतेच. संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय येशूला घरी घेऊन गेला, तेव्हा केवळ स्वागत करून थांबला नाही. फसवणुकीने घेतलेले चौपट परत करण्याची त्याने तयारी दर्शविली.

पश्चात्तापाची वाट पाहावी काय?

त्याच शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू येशू अपराधी बंधूची कानउघाडणी करण्यास आणि त्याने पश्चात्ताप केल्यास त्याला क्षमा करण्यास सांगतो. वधस्तंभावर मात्र मारेकऱ्यांनी पश्चात्ताप करण्याआधीच तो त्यांच्यासाठी क्षमा मागतो. या दोहोंत विरोध नाही. सूडाची इच्छा सोडण्यासाठी अपराध्याची वाट पाहण्याची गरज नसते. समेटाला मात्र त्याचे परिवर्तन लागते.

क्षमा कोणी करावी?

१३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात मेहमेत अली आग्जा याने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपमहोदयांनी रुग्णालयातून त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तरीही आग्जा तुरुंगातच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला २००० साली माफी दिली. त्यानंतर त्याला तुर्कस्तानच्या ताब्यात देण्यात आले, कारण १९७९ साली पत्रकार अब्दी इपेक्ची यांची हत्या केल्याचा गुन्हा त्याच्यावर सिद्ध झाला होता. तो २०१० साली सुटला. पोपमहोदयांनी स्वतःवरील हल्ल्याची क्षमा केली. इपेक्ची यांच्या कुटुंबीयांच्या वतीने क्षमा करणे त्यांच्या हाती नव्हते.

आपल्या देशातील उदाहरण

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात भूमिहीन व आदिवासी बांधवांमध्ये कार्य करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये चाकूने भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग याला जन्मठेप झाली. २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे त्यांच्या मातेनेही त्याला क्षमा केली. कुटुंबीयांनी त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ साली तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले.

येथील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी न्यायालयाने निवाडा दिला, सत्य उघड झाले आणि अपराध्याने अनेक वर्षे शिक्षा भोगली. ज्यांचे माणूस गेले त्यांनीच, कुणाच्या दडपणाशिवाय, क्षमा केली. सुटकेचा निर्णय शासनाने दिला.

क्षमेच्या नावाखाली मौन नको

मारहाण सोसणाऱ्या पत्नीला “क्षमा कर आणि घरी जा” असे सांगणे ही ख्रिस्ती क्षमा नव्हे. द्वेष सोडूनही तिला सुरक्षित ठिकाणी राहण्याचा व पोलिसांकडे जाण्याचा पूर्ण अधिकार आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराबाबत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने माहिती देणे बंधनकारक केले आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांना अशा तक्रारी धर्माधिकाऱ्यांकडे कळविण्याचे बंधन घातले. अत्याचार झालेल्या बालकाच्या वतीने परस्पर क्षमा जाहीर करून प्रकरण मिटविण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून कुणाला क्षमा करण्याचा आग्रह धरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. जे घडले ते स्पष्ट शब्दांत मान्य झाले आहे काय? शक्य तेवढी भरपाई झाली आहे काय? दुबळी व्यक्ती आता सुरक्षित आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुखावलेल्या व्यक्तीला उपदेश करण्याआधी ही अपुरी कामे पूर्ण करण्यास साहाय्य करावे. तिची क्षमा तिच्या वेळेने आणि देवाच्या कृपेने येईल.