अधिकार (ख्रिस्ती)

शिकवण्याची, पापक्षमा करण्याची व मंडळी चालवण्याची देवाकडून मिळालेली सत्ता. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘एक्सूसिया’. मराठी संतपरंपरेत ‘अधिकार’ म्हणजे बहुधा साधकाची पात्रता. मराठी बायबलात तो वरून सोपवलेला हक्क ठरतो, हा अर्थभेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मार्क १ मध्ये येशू शास्त्र्यांपेक्षा वेगळ्या, अधिकारवाणीने शिकवतो. पण हा अधिकार सेवेतही दिसतो : योहान १३ मध्ये तोच कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. मंडळी चालवण्याचा अधिकार कोणाचा, याबाबत पंथापंथांत फरक आहे. सोलापुरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल वळणाच्या होत्या. त्या पद्धतीत निर्णय स्थानिक सभासदांचा. पुढे १९७० मध्ये अशा मंडळ्यांना सामावून घेणारे उत्तर भारतीय चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाले, त्यात बिशपपद आले (पहा : बिशप). सोलापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात मोडतात. कॅथलिक पंथात बायबलबरोबर परंपरा व पोपची शिकवणही प्रमाण (पहा : पोप).