सूक्ष्मदर्शक आणि त्याची संहिता

विज्ञानाच्या इतिहासात उपकरणाचा विचार बहुधा वस्तू म्हणून होतो. ते कसे घडवावे हे सांगणाऱ्या मजकुराकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. आज जीवशास्त्रीय संशोधनात रूढ होत असलेल्या मुक्तस्रोत सूक्ष्मदर्शकाचा विचार मात्र या मजकुरापासूनच करावा लागतो. त्याची पूर्वपीठिका सतराव्या शतकात आढळते.

रॉबर्ट हूक याने १६६५ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिंगाची कृती दिली आहे. काच दिव्याच्या ज्योतीवर वितळवून तिचा बारीक धागा ओढावा, त्याचे टोक पुन्हा ज्योतीत धरावे, म्हणजे तेथे लहानसा मणी तयार होतो; तो घासून पातळ पत्र्यातील सुईएवढ्या छिद्रावर बसवावा. ही कृती कोणाही वाचकाला करून पाहता येण्याजोगी होती.

डेल्फ्ट येथील कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक याची रीत याहून भिन्न होती. ऑक्टोबर १६७६ मधील डच पत्रात त्याने पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन रॉयल सोसायटीला कळविले. परंतु उत्कृष्ट भिंगे बनविण्याची पद्धत त्याने गुप्तच ठेवली. वर्णन इंग्रजीत अनुवादित होऊ शकले, साधन होऊ शकले नाही. परिणामी त्याला प्रतिष्ठित नागरिकांच्या साक्षी पाठवाव्या लागल्या, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकने स्वतः ते जीव दाखविल्यावरच सोसायटीची खात्री पटली. जेथे कृतीची संहिता नसते तेथे साक्षीदार लागतो, हा या प्रसंगाचा अर्थ होय. २०२१ साली न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने, पत्रे न उघडता, उट्रेख्ट येथील त्याच्या सुमारे २७० पट वर्धनाच्या सूक्ष्मदर्शकाची तपासणी झाली. आतील भिंग वितळवून केलेला मणी निघाला. गुपिताचे मूळ बहुधा हूकच्या छापील पानावर होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शक संगणकाशी जोडला गेला आणि त्याचे नियंत्रण उत्पादकांच्या बंदिस्त आज्ञावलींकडे गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रॉन व्हेल यांच्या प्रयोगशाळेत २००५ साली सुरू झालेल्या 'मायक्रो-मॅनेजर' या खुल्या आज्ञावलीने ती कोंडी फोडली. पुढे यंत्राचे आराखडेही खुले झाले. इंग्लंडमधील संशोधकांनी घडविलेल्या 'ओपनफ्लेक्शर' सूक्ष्मदर्शकाचा नमुनामंच एकसंध प्लास्टिकमध्ये, त्रिमितीय मुद्रकावर छापला जातो. त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि त्यातून मायक्रॉनहूनही सूक्ष्म हालचाल साधते. टांझानियात स्थानिक तंत्रज्ञांनी तो तेथेच तयार केला आणि मलेरियाच्या संशोधनासाठी त्याचा उपयोग झाला.

तुलनाकाराला येथे परिचित प्रश्न भेटतात. आराखड्याला मूळ प्रत असते, आवृत्त्या असतात, पाठभेदही असतात. दार-एस-सलाम येथे घडलेली प्रत मूळाची दुय्यम नक्कल मानायची की त्याच संहितेचा स्वतंत्र पाठ? मुक्त परवाना दुसऱ्या उत्तराला वाव देतो, कारण बदल करून तो पुन्हा प्रसृत करण्याचा अधिकार त्यात गृहीत असतो.

तथापि या मुक्ततेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. हूकने भिंगाची कृती खुली केली होती. आज भिंगाभोवतीचे जवळजवळ सर्व खुले आहे, परंतु उच्च दर्जाचे वस्तुभिंग आणि कॅमेऱ्याचा संवेदक कारखान्यातूनच विकत आणावे लागतात. संहितेतील हा भाग अद्याप इतरांच्या हाती आहे.