दंगलीनंतरचा उत्सव : लंडनच्या नॉटिंग हिलची कहाणी

गावात दंगल झाली की तिच्यामागून दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे येतात. सरकार चौकशी समिती नेमते आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतून शांतता समित्या स्थापन होतात. दोन्हींची गरज असतेच. परंतु अहवाल कपाटात गेला आणि पोलिसांचा बंदोबस्त उठला, की शेजाऱ्याने शेजाऱ्याला सामोरे कसे जायचे हा प्रश्न तसाच उरतो. लंडन शहरातील नॉटिंग हिल या वस्तीत या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते विचार करण्यासारखे आहे. तेथे दंगलीच्या पाठोपाठ एक उत्सव जन्माला आला. आज ऑगस्टमधील शेवटच्या सोमवारी व त्याच्या आदल्या रविवारी दहा लाखांहून अधिक माणसे या वस्तीच्या रस्त्यांवर लोटतात. रंगीबेरंगी पोशाखांच्या मिरवणुका निघतात, पोलादी पिंपांचे वाद्यवृंद वाजतात आणि अनेक देशांच्या पदार्थांचा वास गल्लीबोळांतून दरवळतो. हा केवळ मौजेचा मेळा आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. त्याची मुळे मात्र अपमानात, रक्तात आणि चिकाटीत आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मनुष्यबळाची टंचाई भासू लागली. वेस्ट इंडिजची बेटे तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होती. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून त्या बेटांवरचे शेकडो स्त्री-पुरुष लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. पुढील दहा वर्षांत त्यांच्यामागून हजारो आले. कोणी रेल्वेत लागले, कोणी बसगाड्यांवर, तर कोणी इस्पितळांत परिचारिका झाल्या. इंग्लंड ही आपली मायभूमी, असे त्यांना शाळेत शिकवलेले होते. प्रत्यक्षात भाड्याची खोली मिळवण्यासाठी त्यांना दारोदार फिरावे लागे. त्या काळी नॉटिंग हिलमधील जुनी, मोडकळीस आलेली घरे त्यांच्या वाट्याला आली, आणि एकेका खोलीचे भाडेही अवाच्या सवा होते.

त्याच वस्तीत गरीब गोरे कामगारही राहत होते. घरांची टंचाई दोघांनाही होती. परंतु टंचाईचे खापर नव्याने आलेल्यांच्या माथी फोडणारे पुढारी निघाले. ऑस्वाल्ड मोस्ले यांच्या पक्षाने तेथे द्वेषाचा प्रचार चालवला. १९५८च्या ऑगस्टअखेरीस गोऱ्या तरुणांच्या टोळ्या लाठ्या, साखळ्या व चाकू घेऊन काळ्या लोकांच्या घरांवर चालून गेल्या. हे सत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालले. शंभराहून अधिक लोकांवर खटले भरले गेले. नऊ गोऱ्या तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची कैद झाली. कायद्याने आपले काम केले खरे, पण वस्तीतील भीती त्यामुळे गेली नाही.

या प्रसंगी एक स्त्री पुढे आली. तिचे नाव क्लॉडिया जोन्स. १९१५ साली त्रिनिदाद बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन येथे जन्मलेली क्लॉडिया लहानपणीच अमेरिकेत गेली होती. तेथे कम्युनिस्ट चळवळीतील कामाबद्दल तिला तुरुंगवास घडला आणि १९५५ साली हद्दपार होऊन ती ब्रिटनमध्ये आली. मार्च १९५८ मध्ये तिने ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र काढले. पत्राची आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती आणि तिची स्वतःची प्रकृतीही तोळामासा होती. दंगलीनंतर ती व तिचे सहकारी विचार करू लागले, की या घटनेची कडू चव आपल्या लोकांच्या तोंडातून कशी धुऊन काढावी. त्यातून त्रिनिदादचा कार्निव्हल लंडनमध्ये भरवण्याची कल्पना निघाली.

३० जानेवारी १९५९ रोजी लंडनच्या सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये हा पहिला कार्निव्हल झाला. थंडीचे दिवस म्हणून तो छपराखाली घेतला. गाणी, नृत्ये, वेषभूषा असा कार्यक्रम होता आणि बी. बी. सी.ने तो दूरचित्रवाणीवर दाखवला. त्या प्रसंगी एक स्मरणिकाही काढण्यात आली. आपणही स्मरणिका काढणारे लोक आहोत, म्हणून तिच्यातील एक निवेदन आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. स्मरणिकेच्या उत्पन्नाचा काही भाग नॉटिंग हिलच्या घटनांत ज्यांना दंड झाला, त्या काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही तरुणांचा दंड भरण्यास देण्यात येईल, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्या दारावर लाठ्या पडल्या, त्यांनीच हे लिहावे, ही गोष्ट साधी नाही. वस्तीचे तरुण मग ते कोणाचेही असोत, ते वस्तीचेच आहेत, ही भूमिका त्यामागे होती.

येथे कोणी विचारील, की दुःखाच्या वेळी नाचगाणे कशाला? नृत्य-संगीताविषयी आपल्या घरांतूनही मतभेद आहेत. ते बाजूला ठेवू. त्रिनिदादच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते. तेथील फ्रेंच मळेवाले ख्रिस्ती उपवासाच्या चाळीस दिवसांपूर्वी मुखवटे घालून मेजवान्या झोडत. गुलामांना त्यात स्थान नव्हते. १८३८ साली पूर्ण मुक्ती मिळाल्यावर तेच गुलाम रस्त्यावर उतरले व त्यांनी तो सण आपला केला. साम्राज्य सरकारला ही गर्दी खुपू लागली. १८८१ मध्ये पोलीस व मिरवणूकवाले यांच्यात मोठी चकमक झाली आणि त्यानंतर लवकरच ढोल वाजवण्यावर बंदी आली. तेव्हा लोकांनी बांबूचे लहानमोठे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३०च्या दशकाच्या शेवटी डबे, बिस्किटांचे पत्रे आणि मग तेलाची पिंपे ठोकून त्यांनी त्यातून सप्तसूर काढले. हेच ते ‘स्टीलपॅन’. अशा वादकांचे एक पथक १९५१ साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी लंडनला आले. त्यातील स्टर्लिंग बेटनकोर्ट नावाचा तरुण परत न जाता तेथेच राहिला. नॉटिंग हिलच्या कहाणीत तो पुढे पुन्हा भेटेल.

या बेटाचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १८४५ ते १९१७ या काळात १ लाख ४० हजारांहून अधिक हिंदी मजूर कराराने त्रिनिदादच्या ऊस-मळ्यांत नेले गेले. त्यांच्याबरोबर ताशा गेला आणि मोहरमही गेला. तेथे मोहरमला ‘होसे’ म्हणतात. ताबुतांच्या मिरवणुकीत मुसलमानांबरोबर हिंदू मजूर आणि काळे शेजारीही सामील होत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सरकारी बंदी मोडून सॅन फर्नांडो शहराकडे निघालेल्या या मिरवणुकांवर गोळीबार झाला व किमान १६ माणसे ठार झाली. म्हणजे एकाच सरकारने तीनचार वर्षांच्या आत काळ्यांचा ढोल बंद केला आणि हिंदी मजुरांच्या ताबुतांवर गोळी झाडली. पुढे हे दोन्ही ताल एकमेकांजवळ आले. १९७०च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या गायकाने त्रिनिदादच्या ‘कॅलिप्सो’ गाण्यांत ढोलकीचा हिंदी ठेका मिसळून ‘सोका’ हा नवा प्रकार रूढ केला. आज नॉटिंग हिलच्या रस्त्यावर जो सोका घुमतो, त्यात आपल्या मजुरांचा ठेका आहे.

खाद्यपदार्थांचेही असेच. तेथील दुकानांवर जमैकाची मसालेदार भाजलेली कोंबडी मिळते, तशीच त्रिनिदादची ‘रोटी’ही मिळते. ही रोटी म्हणजे डाळीचे सारण भरलेली पोळी, आत रस्सा गुंडाळलेली. ‘डबल्स’ नावाचा आणखी एक लोकप्रिय पदार्थ आहे. दोन मऊ, तळलेल्या ‘बारा’ आणि त्यांमध्ये मसाल्याचे हरभरे. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउन येथील एमामुल दीन व त्यांच्या पत्नी यांनी हा पदार्थ प्रथम विकला असे मानले जाते. एका गरीब मुसलमान कुटुंबाची पोटापाण्याची ही युक्ती सर्व त्रिनिदादची न्याहारी झाली.

आता पुन्हा लंडनकडे वळू. पहिल्या कार्निव्हलने द्वेष संपला नाही. १७ मे १९५९च्या पहाटे केल्सो कॉक्रेन या अँटिग्वा बेटावरच्या सुताराला नॉटिंग हिलच्या रस्त्यात भोसकून मारण्यात आले. त्याच्या अंत्ययात्रेस हजारांवर माणसे आली. खुनाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही. क्लॉडियाचे कार्निव्हल मात्र वेगवेगळ्या सभागृहांतून वर्षामागून वर्षे होत राहिले. डिसेंबर १९६४ मध्ये ती निधन पावली. लंडनच्या हायगेट दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी तिची कबर आहे.

दोन वर्षांनी, १९६६ साली, हा धागा दुसऱ्याच हाताने उचलला. रॉन लॅस्लेट या समाजसेविकेचा जन्म लंडनच्या पूर्व भागातील. तिची आई मूळ अमेरिकन आदिवासी वंशाची व वडील रशियन. नॉटिंग हिलमध्ये ती शेजारपाजाऱ्यांना घरभाडे, कज्जे, सरकारी अर्ज अशा कामांत मदत करी. या वस्तीत युक्रेनियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, आयरिश, आफ्रिकन, वेस्ट इंडियन असे सारे राहतात, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत, हे तिला खटकत होते. म्हणून तिने मुख्यतः मुलांसाठी रस्त्यावरची जत्रा भरवली. त्रिनिदादचा वादक रसेल हेंडरसन याला तिने आपल्या साथीदारांसह बोलावले. त्यांत तोच स्टर्लिंग बेटनकोर्ट होता. गळ्यात पिंपे अडकवून ते वाजवू लागले. एका जागी उभे राहण्याऐवजी हेंडरसन चालू लागला, आणि घराघरांतून माणसे बाहेर येऊन त्याच्यामागून चालू लागली. आठ वर्षांपूर्वी जेथून टोळ्या धावल्या होत्या, तेथून आता मिरवणूक गेली.

१९७३ पासून लेस्ली पामर या त्रिनिदादी शिक्षकाने उत्सवाला मोठे रूप दिले. प्रत्येक बेटाच्या लोकांना त्याने बोलावले. जमैकाच्या तरुणांना त्यांच्या रेगे संगीतासह सामावून घेतले. गर्दी लाखाच्या पुढे गेली. १९७६ साली मात्र सुमारे ३,००० पोलीस उत्सवात उभे करण्यात आले, आणि ३० ऑगस्टला तरुण व पोलीस यांच्यात तुंबळ मारामारी झाली. शंभराहून अधिक पोलीस जखमी झाले. बरेच नागरिकही जखमी झाले. उत्सव बंद करा, नाहीतर एखाद्या क्रीडांगणात न्या, अशी मागणी जोराने होऊ लागली. संयोजकांनी रस्ता सोडला नाही. क्रीडांगण झाले तर तिकीट आले आणि तिकीट आले की शेजारी प्रेक्षक होतो, हे त्यांना कळत होते. आजही गर्दीचा दाब, अधूनमधून घडणारे हिंसक प्रकार व बंदोबस्ताचा खर्च यांवरून वाद होतातच. हा उत्सव निर्दोष आहे असा दावा करण्याचे कारण नाही.

त्याची खरी कसोटी १४ जून २०१७च्या रात्री लागली. नॉटिंग हिलजवळच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागून ७२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अनेक मुसलमान होते. तो रमजानचा महिना होता. सेहरीसाठी जागे असलेल्या काहींनी शेजाऱ्यांना दारे ठोठावून उठवले. जवळच्या अल-मनार मशिदीने पीडितांसाठी आपली दारे उघडली, आणि तिच्या स्वयंपाकघरात अनेक देशांतून आलेल्या स्त्रिया एकत्र रांधू लागल्या. या स्वयंपाकघराचे नाव त्यांनी ‘हुब्ब’ ठेवले. अरबीत त्याचा अर्थ प्रेम. १९६६ मध्ये लॅस्लेटने जे मागितले होते, तेच येथे घडत होते. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये दोन्ही दिवशी दुपारी ३ वाजता सारी वाद्ये थांबली आणि लाखो लोक एक मिनिट स्तब्ध उभे राहिले.

या इतिहासावरून आपण काय घ्यावे? उत्सव भरवला की द्वेष नाहीसा होतो, असे मुळीच नाही. कॉक्रेनचा खून त्याची साक्ष देतो. परंतु वर्षातून एकदा जो शेजाऱ्याच्या हातचे खातो, त्याच्या वाद्याचे नाव विचारतो, मिरवणुकीत त्याच्याबरोबर चालतो, त्याला अफवेवर विश्वास ठेवणे थोडे अवघड जाते. एवढा थोडा फरकही मोलाचा असतो. आणि तो आपोआप पडत नाही. त्यामागे कर्जात चाललेले एक वृत्तपत्र होते, शेजाऱ्यांचे अर्ज लिहून देणारी एक बाई होती, एक शिक्षक होता.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या महाराष्ट्रात ताशा गणपतीपुढे वाजतो, मोहरमच्या ताबुतांपुढे वाजतो आणि लग्नाच्या वरातीतही वाजतो. तो वाजवणारे हात कोणाचे, त्याची कातडी कोण मढवतो, तो शिकवतो कोण, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारले आहे? पुढच्या स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होईल, तेव्हा तेवढे विचारून या. आणि निमंत्रणपत्रिका काढाल, तेव्हा पलीकडच्या गल्लीतील घरांची संख्याही तीत मोजा.